मार्सेलिसची हद्द आणि भाच्याची कबुली

प्रश्न : माझा भाचा नाशिकरोडला राहतो. दुसऱ्या जिल्ह्यातले पोलीस साध्या वेशात आले आणि इथल्या ठाण्यात काही न सांगता त्याला गाडीत घालून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी तिकडच्या कोर्टात उभं केलं. ‘कबूल म्हण, दंड भर आणि संध्याकाळच्या गाडीने घरी जा,’ असं तिथे त्याला कुणीतरी सांगितलं. त्याने तसं केलं. आता कंपनीत कायम करताना चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला आणि त्यात ही शिक्षा आली. हद्दीबाहेर येऊन केलेली अटक बेकायदा होती, एवढ्या मुद्द्यावर शिक्षा रद्द होईल का? आणि एक कुतूहल म्हणून विचारतो. आम्ही भगूरचे. सावरकरांना मार्सेलिसला पकडलं तीही हद्दीबाहेरचीच अटक. त्या मुद्द्याचं कोर्टात पुढे काय झालं, हे आम्हाला शाळेत कधी कुणी सांगितलं नाही.
— एक वाचक, भगूर

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण भाच्याच्या प्रकरणाचं निम्मं उत्तर त्यातच आहे. ‘अटक हद्दीबाहेरची, म्हणून शिक्षा रद्द करा’ असा अर्ज उद्या भाच्याच्या वतीने कुणी केला, तर सरकारी वकिलाला फार शोधाशोध करावी लागणार नाही. ‘सम्राट विरुद्ध विनायक दामोदर सावरकर’ हा मुंबई उच्च न्यायालयाचा १९१० सालचा निर्णय त्याला हाताशी मिळेल. उडीची गोष्ट आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्या उडीतून जो कायदा निघाला तो मात्र आरोपीच्या विरोधात गेला आणि शंभरावर वर्षं झाली तरी तसाच उभा आहे.

प्रकरणाचं मूळ नाशकातलं. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांना निरोप म्हणून हा खेळ लावला होता. औरंगाबादहून आलेल्या अनंत कान्हेरे या विद्यार्थ्याने तिथेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि कान्हेरे जागेवरच पकडले गेले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्र्यंबक रोडवरच्या ज्या मैदानाला आपण सवयीने गोल्फ क्लब म्हणतो, त्याला आज कान्हेऱ्यांचं नाव आहे. जिल्हा न्यायालयात तारखेला येणाऱ्यांपैकी कितीजणांना ते ठाऊक असेल, देव जाणे.

जॅक्सनवर रोखलेलं ब्राउनिंग पिस्तूल सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या पिस्तुलांपैकी एक होतं, असा सरकारचा आरोप होता. १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर त्यांना अटक झाली. फरारी गुन्हेगारांसाठी १८८१ साली केलेल्या कायद्याखाली त्यांना हिंदुस्थानात पाठवायचं ठरलं. त्याविरुद्ध लंडनच्या न्यायालयांत झालेले प्रयत्न फसले. १ जुलैला ‘मोरिया’ बोट निघाली आणि ८ जुलैच्या सकाळी, बोट मार्सेलिस बंदरात उभी असताना, सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. पोहत धक्का गाठून ते धावत सुटले. त्यांना पकडलं ते फ्रेंच सागरी पोलिसांतल्या एका ब्रिगेडियरने. हुद्द्याच्या नावावर जाऊ नका, तो आपल्याकडच्या हवालदाराच्या आसपासचा माणूस. मागून आरडाओरडा करत येणाऱ्यांवरून त्याची समजूत अशी झाली की बोटीवरचा कुणी खलाशी काही गुन्हा करून पळतो आहे. बोटीवरून आलेल्यांच्या मदतीने त्याने सावरकरांना परत बोटीवर नेऊन सोडलं. फ्रान्सच्या कुठल्याही न्यायाधीशासमोर त्यांना उभं केलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी बोट पुढे निघाली.

मुंबईत खटला उभा राहिला तो १९०८ च्या खास कायद्याखाली. ज्यूरी नाही, अपील नाही. सरन्यायाधीश सर बेसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर आणि हीटन असे तीन न्यायाधीश होते. सावरकरांचे वकील जोसेफ बॅप्टिस्टा. बचावाची हरकत साधी होती : या माणसाला फ्रान्सच्या भूमीवर बेकायदा धरलं आहे, म्हणून या न्यायालयाला त्याच्यावर खटला चालवता येणार नाही. सावरकरांनी स्वतः फ्रान्सच्या आश्रयाचा हक्क सांगितला आणि कामकाजात भाग घ्यायला नकार दिला. म्हणजे तुमच्या भाच्याने जे केलं त्याच्या बरोबर उलट. हरकत पहिल्या दिवशी घेतली आणि कबुली शेवटपर्यंत दिली नाही.

तरीही हरकत फेटाळली गेली. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा : आरोपी आज आमच्यासमोर हजर आहे, त्याच्यावरचा आरोप दंडसंहितेखालचा आहे आणि तो चालवण्याचा अधिकार आम्हाला आहे. त्याला परदेशातून इथे बेकायदा आणलं असं म्हणून त्याची सुटका होत नाही. हा विचार काही मुंबईत जन्मला नव्हता. ब्रसेल्सला पकडून आणलेल्या एका बाईच्या प्रकरणात इंग्लंडच्या न्यायालयाने १८२९ सालीच असं म्हटलं होतं. पेरू देशातून पळवून आणलेल्या आरोपीबद्दल अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय १८८६ मध्ये हेच बोललं.

मग हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं काय, असं तुम्ही विचाराल. फ्रान्समध्ये समाजवादी पुढारी जाँ जोरेस आणि कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे यांनी या प्रकरणावर रान उठवलं, तेव्हा फ्रेंच सरकारला बोलावंच लागलं. २५ ऑक्टोबर १९१० रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांनी वाद हेगच्या लवादाकडे सोपवला. त्या वेळी मुंबईतला खटला चालूच होता, तो कुणी थांबवला नाही. डिसेंबरअखेर पहिली जन्मठेप झाली, ३० जानेवारी १९११ ला दुसरी. लवादाचा निकाल आला २४ फेब्रुवारीला. पाच लवादांचे अध्यक्ष बेल्जियमचे बेरनार्ट होते आणि एक लवाद खुद्द ब्रिटनचा, एक फ्रान्सचा. त्यांनी मान्य केलं की अटकेत आणि ताब्यात देण्यात अनियमितता झाली. पण ब्रिटिशांनी फसवणूक केली नव्हती, जबरदस्ती केली नव्हती, दोन्हीकडच्या पोलिसांत आधीच पत्रव्यवहार झाला होता. सबब सावरकरांना फ्रान्सकडे परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही. ४ जुलै १९११ ला सावरकर अंदमानात पोचले.

या सगळ्यात मला खटकते ती गोष्ट अशी. हेगला वादी फ्रान्स होता आणि प्रतिवादी ब्रिटन. सावरकर पक्षकार नव्हतेच. दुखावलं गेलं होतं ते फ्रान्सचं सार्वभौमत्व आणि त्याच्या मानापमानाचा निवाडा चालला होता. हद्दीच्या कायद्याचा स्वभावच हा आहे. मार्सेलिसची हद्द फ्रान्सची, नाशिकरोडची हद्द नाशिकरोड पोलीस ठाण्याची. दोन सरकारांनी किंवा दोन ठाण्यांनी एकमेकांच्या अंगणात कसं वागावं, याचे ते नियम आहेत. त्या रेषेच्या आत उभा असलेला माणूस तिच्यामुळे आपोआप सुरक्षित होत नाही. आरोपीसाठी जी संरक्षणं आहेत ती दुसऱ्या कलमांत आहेत, आणि तुमच्या भाच्याचं नुकसान झालं असेल तर ते तिथे झालं आहे.

सावरकर-निकाल स्वातंत्र्यानंतर पुसला गेला असेल असं वाटणं साहजिक आहे. तसं झालं नाही. १९५७ च्या ‘मुबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला. तो खटलाही मोठा मजेदार आहे. गोव्यात, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज गोव्यात, तांदळाची टंचाई होती. तिथल्या एका व्यापाऱ्याने कराचीतल्या माणसाशी तांदळाचा सौदा केला आणि मुंबईत सुमारे साडेपाच लाख रुपये मोजले. तांदूळ काही आला नाही. आरोपी पाकिस्तानी नागरिक, गुन्ह्याच्या वेळी कराचीत बसलेला, मुंबईत त्याने पाऊलही ठेवलं नव्हतं. पुढे तो इंग्लंडला गेला आणि वेगळ्याच प्रकरणात त्याला भारताच्या ताब्यात देण्यात आलं. इथे आल्यावर तांदळाचा खटलाही त्याच्यावर चालला आणि शिक्षा कायम झाली. फसवणुकीचा परिणाम मुंबईत घडला, म्हणून गुन्हा मुंबईत घडला. आरोपी कुठून, कसा आणला हा वेगळा विषय.

या कठोर नियमाला जगात एकच मोठी भेग पडलेली मला दिसते. १९९३ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की प्रत्यार्पणाचा रीतसर मार्ग टाळून पोलिसांनी जाणूनबुजून माणूस पळवून आणला असेल, तर न्यायालय खटला चालवायला नकार देऊ शकतं; न्यायालयाने स्वतःचे हात का मळवून घ्यायचे? ज्या इंग्रजांच्या न्यायालयांनी हा नियम आपल्याला दिला, त्यांनीच तो सैल केला. आपण मात्र तो जसाच्या तसा सांभाळतो आहोत.

आता भाच्याकडे. दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलिसांना नाशिकरोडला येऊन अटक करताच येत नाही, ही समजूत आधी डोक्यातून काढा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४५ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४८) सांगतं की ज्याला वॉरंटशिवाय अटक करता येते अशा माणसाचा पाठलाग पोलीस भारतात कुठेही करू शकतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाप्रमाणे तर पोलिसाला राज्याच्या कोणत्याही भागात कामाला लावता येतं. नाशिक शहर आयुक्तालय वेगळं, नाशिक ग्रामीण वेगळं, लोहमार्ग पोलीस आणखी वेगळे. या प्रत्येक रेषेवर अटक अडायला लागली, तर सिन्नरला चोरी करून शिंदे-पळशापर्यंत आलेल्या माणसाला कुणी हातच लावू शकणार नाही.

पकडता येतं याचा अर्थ वाटेल तसं नेता येतं असा नाही. वॉरंटवर अटक असेल आणि वॉरंट काढणारं न्यायालय अटकेच्या जागेपासून तीस किलोमीटरच्या आत नसेल, तर आधी स्थानिक दंडाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक-आयुक्त यांच्यासमोर न्यावं लागतं. यालाही एक-दोन अपवाद आहेत. वॉरंट नसेल तर संविधानाच्या अनुच्छेद २२ प्रमाणे चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. वेळ पुरणार नसेल तर इथल्याच न्यायालयातून प्रवासापुरती कोठडी घ्यायची, ज्याला सगळे ट्रान्झिट रिमांड म्हणतात. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी दिसली पाहिजे. अटकेचा कागद जागेवर करून त्यावर घरच्या माणसाची किंवा तिथल्या प्रतिष्ठित रहिवाशाची साक्ष हवी. अटक का केली ते सांगायला हवं, नातेवाइकाला कळवायला हवं. स्थानिक ठाण्याच्या डायरीत नोंद करण्याची गोष्ट मुख्यतः न्यायालयांच्या निर्देशांतून आलेली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी दिल्लीत येऊन केलेल्या अटकेच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशा अटकांसाठी तपशीलवार नियमावली घालून दिली, ती वाचण्यासारखी आहे.

भाच्याच्या अटकेत यातलं काय काय पाळलं गेलं नाही, हे तुमच्या पत्रावरून पुरतं कळत नाही. समजा काहीच पाळलं नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाचं म्हणणं असं की अटक घटनाबाह्य ठरली तर आरोपी त्या कोठडीतून सुटतो, पण तपास, आरोपपत्र आणि खटला त्यामुळे आपोआप रद्द होत नाहीत. फेब्रुवारी २०२५ च्या विहान कुमार प्रकरणात हे पुन्हा स्पष्ट झालं. अटकेवरची हरकत हे कोठडीतल्या माणसाचं हत्यार आहे. रिमांडच्या वेळी ती घेतली असती, किंवा त्याच रात्री तुम्ही उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाची याचिका केली असती, तर तिला धार होती. आता तो घरी आहे. दोषी ठरला आहे तो अटकेमुळे नव्हे, स्वतःच्या कबुलीमुळे.

म्हणून खरा प्रश्न कबुलीचा. इथे कायद्याने एक दार बंद केलेलं आहे : गुन्हा कबूल करून झालेल्या दोषसिद्धीवर अपील नाही (नवं कलम ४१६, जुनं ३७५). शिक्षा जास्त झाली किंवा ती शिक्षाच बेकायदा आहे, एवढ्यापुरतं अपील चालतं. पण अपील नाही म्हणूनच पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो, आणि तिथे सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय एक गोष्ट बारकाईने बघतं : ही कबुली खरोखर कबुली होती का?

समरी आणि समन्स पद्धतीच्या किरकोळ खटल्यांत दंडाधिकाऱ्याने आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असं कायदा सांगतो. गांजाच्या एका प्रकरणात मद्रास राज्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात ठरवलं की ही तरतूद बंधनकारक आहे. ती मोडली तर खटलाच दूषित होतो. प्रत्यक्षात काय होतं? सोमवारी सकाळी कोणत्याही दंडाधिकारी न्यायालयात जाऊन बसा. जुगाराच्या, दारूच्या, किरकोळ मारामारीच्या केसेसची चळत असते. पुकारा होतो, ‘गुन्हा कबूल आहे का?’ ‘आहे साहेब.’ छापील कागदावर ‘कबूल’ या एका शब्दाखाली सही किंवा अंगठा, दंड, पुढचा. सुरगाण्याचा कोकणा बोलणारा मजूर असो की सटाण्याचा अहिराणी बोलणारा शेतकरी, कागदावर सगळ्यांचे शब्द सारखेच निघतात! हा कागद हीच त्या खटल्याची सर्वांत कच्ची बाजू असते आणि वकील तिथेच बोट ठेवतो. आरोप काय होता ते वाचून दाखवलं का? त्याला समजेल अशा भाषेत? वकील हवा का, असं विचारलं का? आरोपीने सांगितलेल्या हकिगतीतून गुन्ह्याचे सगळे घटक निघतात का? ‘भांडण झालं, मी त्याला ढकललं’ हे म्हणणं वेगळं आणि ‘दुखापत करण्याच्या हेतूने मारलं’ हे कबूल करणं वेगळं.

कबुली आली म्हणजे दोषी ठरवलंच पाहिजे असंही नाही. कायद्यात ‘ठरवू शकेल’ असं आहे. याचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलेलं उदाहरण कसाबचं. २० जुलै २००९ ला आर्थर रोडच्या विशेष न्यायालयात तो उठला आणि गुन्हा कबूल म्हणाला. न्यायाधीश ताहलियानी यांनी ते नोंदवून घेतलं आणि खटला पुढे चालूच ठेवला, कारण त्याने सगळे आरोप मान्य केले नव्हते. निकाल मे २०१० मध्ये, पूर्ण पुराव्यानंतर लागला. कसाबच्या बाबतीत जी काळजी घेतली गेली, ती दोनशे रुपये दंडाच्या केसमध्ये कुणी घेत नाही.

‘कबूल म्हण, संध्याकाळी घरी जा’ असं सांगणारा तो ‘कुणीतरी’ कोण होता, हेही महत्त्वाचं आहे. सरकार पक्ष किंवा पोलीस असेल आणि सवलतीच्या आमिषाने कबुली घेतली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने अशा सौद्यावर जुनी नापसंती नोंदवलेली आहे. खामगावच्या खाद्यतेल भेसळीच्या १९७६ च्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या प्रकाराचे वाभाडे काढले होते. २००६ पासून तडजोडीने शिक्षा ठरवण्याची रीतसर पद्धत कायद्यात आली, पण तिला लेखी अर्ज, शपथपत्र आणि न्यायाधीशाने आरोपीशी एकांतात बोलणं या पायऱ्या आहेत. कोर्टाच्या व्हरांड्यातली कुजबुज त्यात बसत नाही. अर्थात तो ‘कुणीतरी’ बाकावर शेजारी बसलेला दुसरा आरोपी असेल, तर मात्र मुद्दा लंगडा पडतो.

एक सावधगिरी. कबुली रद्द झाली तर भाचा निर्दोष ठरत नाही. प्रकरण परत त्याच न्यायालयात जातं आणि खटला नव्याने चालतो. साक्षी-पुरावा भक्कम असेल तर दंडाच्या जागी कैद पदरात पडू शकते. तेव्हा अर्ज करण्याआधी आरोपपत्र शांतपणे वाचलं पाहिजे. पुरावा भक्कमच निघाला तर दुसरा रस्ता बघावा : शिक्षेपुरतं जे अपील उघडं आहे त्यात अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ चा लाभ मागायचा. दंडाऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता लागत नाही. माझ्या मते नोकरीच्या दृष्टीने हा रस्ता अनेकदा जास्त पक्का असतो, पण आरोपीला ‘निर्दोष’ या शब्दाचा मोह सुटत नाही.

कंपनीपासून मात्र काही लपवू नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की किरकोळ गुन्हा प्रामाणिकपणे सांगितला असेल तर मालक तो पोटात घालू शकतो; दडवलं तर दडवणं हेच काढून टाकण्याचं कारण होऊ शकतं. तो निकाल मुख्यतः सरकारी नोकऱ्यांबद्दलचा आहे, पण खासगी कंपन्यांचे मनुष्यबळवाले अधिकारीही साधारण तसाच विचार करतात.

प्रश्न : म्हणजे पोलिसांनी नियम मोडून उचललं तरी त्यांना काहीच होत नाही?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : होऊ शकतं, पण ते वेगळ्या खिडकीवर मागावं लागतं. जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना बेकायदा डांबून ठेवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सरकारला पन्नास हजार रुपये भरपाई द्यायला लावली. आज ते तत्त्व इतकं रुळलं आहे की उच्च न्यायालयात रिट याचिकेत भरपाई मागता येते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत तक्रार हवी. पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, वरिष्ठांकडे खातेनिहाय चौकशी मागता येते. आणि गुन्हा कबूल केला म्हणून यातला कुठलाही हक्क जात नाही, हे भगूरच्या वाचकांनीही लक्षात घ्यावं. मात्र पुरावा लागतो : गाडीचा नंबर, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण, टोलनाक्याची नोंद, मोबाइल बंद झाल्याची वेळ. कॅमेऱ्याचं चित्रण फार दिवस राहत नाही, ते पहिल्या आठवड्यातच कॉपी करून घ्यायचं.

प्रश्न : वकिलाची फी परवडत नसेल तर?
— एक वाचक, पेठ

उत्तर : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे, तालुक्याला तालुका समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतला माणूस अशा काही गटांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. भगूरच्या वाचकांनी वकील गाठण्याआधी एक काम स्वतः करावं. भाच्याला घेऊन त्या न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज टाकायचा आणि चार कागदांच्या सही-शिक्क्याच्या नकला मागायच्या : रोजनामा, आरोपाचा कागद, कबुलीचा कागद आणि निकाल. पुनरीक्षणाला मुदत नव्वद दिवसांची, शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयातल्या अपिलाला तीस. नक्कल मिळण्यात जाणारे दिवस त्यातून वजा होतात. मुदत उलटून गेली असेल तर उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडावा लागेल आणि त्यात दाखला हातात पडल्याची तारीख लिहायला विसरू नका.